वसईची ‘ख्रिस्ती मते’ : समज आणि वस्तुस्थिती

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. विधानसभा निवडणुकीचा निकाल लागून आठवडा लोटला होता. आम्ही त्या वेळी वसईच्या पश्चिम पट्ट्यातील एका धर्मग्रामात सेवा करीत होतो. संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही निवासस्थानी परतलो, तो एका पक्षाचे कार्यकर्ते ओसरीवर वाट पाहत बसलेले होते. गृहस्थ परिचयाचे आणि वागण्याबोलण्यात अत्यंत नम्र होते. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढला व आमच्यापुढे पसरला. मतमोजणीच्या टेबलावर टिपून घेतलेले आकडे त्यावर होते. ‘‘फादर, चर्चच्या आजूबाजूची ही तीन केंद्रे पाहा. आम्हांला किती कमी मते पडली आहेत! तुमच्या लोकांनी आम्हांला फसवले.’’ आम्ही काही बोलण्यापूर्वीच ते उठले आणि दारातून जाता जाता म्हणाले, ‘‘आता तुमच्या गटाराच्या कामाबद्दल आम्ही वर कोणत्या तोंडाने बोलावे?’’

याला धमकी म्हणता येणार नाही. परंतु ‘तुमचे लोक’ हे दोन शब्द आमच्या मनात बराच काळ रुतून राहिले. ख्रिस्ती माणसे एकगठ्ठा मतदान करतात, ते कोणाला करायचे हे चर्चमधून ठरते आणि ज्याला मते मिळाली नाहीत त्याने त्या गावाचा हिशेब लक्षात ठेवणे स्वाभाविक आहे, एवढे सगळे त्या दोन शब्दांत गृहीत धरलेले होते. हा समज केवळ राजकीय कार्यकर्त्यांचाच आहे असेही नाही. प्रत्येक निवडणुकीच्या वेळी वृत्तपत्रांतून ‘ख्रिस्ती मते कोणाच्या पारड्यात?’ असे मथळे झळकतात आणि आपल्यापैकीही अनेक जण अभिमानाने सांगतात, ‘‘आपण ठरवले तर वसईचा आमदार बदलू शकतो.’’ या समजात तथ्य किती आहे, हे वसईच्या गेल्या चार दशकांच्या अनुभवावरून तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही, हे प्रारंभीच नमूद करतो.

मुळात ‘वसईचे ख्रिस्ती’ म्हणजे कोण? बाहेरून पाहणाऱ्याला एक समाज दिसतो. आत राहणाऱ्याला मात्र अनेक समाज ठाऊक असतात. गास, भुईगाव, निर्मळ, गिरिज, नंदाखाल या पट्ट्यातील बागायतदार सामवेदी आणि वाडवळ कुटुंबे केळी, फुले व भाजीपाल्यावर वाढली. त्यांचा जीव जमिनीत आणि विहिरीत आहे. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथील कोळी बांधवांचे सारे लक्ष समुद्राकडे. आपल्या बोली वेगळ्या, लग्नाच्या चालीरीती वेगळ्या आणि सोयरीक जुळवताना आपण किती बारकाईने पाहतो हे आपल्याला माहीतच आहे! त्यांत मागील तीस-चाळीस वर्षांत रेल्वेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारतींत मुंबई, गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू येथून आलेली हजारो कॅथलिक कुटुंबे राहावयास आली आहेत. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात आदिवासी ख्रिस्ती आहेत. वनजमिनीचा हक्क व रोजगार हे त्यांचे प्रश्न. ही सर्व माणसे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. याचा अर्थ ती एकाच चिन्हापुढील बटन दाबतात असा होत नाही. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा किनाऱ्यावरील कोळीवाडे अस्वस्थ झाले. त्याच धर्मग्रामातील एखाद्या नोकरदार कुटुंबाला मात्र लोकलमधील गर्दी आणि नळाला येणारे पाणी यांहून मोठा प्रश्न दिसत नव्हता. दोघांचेही म्हणणे खरे होते.

आता थोडे इतिहासाकडे वळू या.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत वसईमध्ये दोन प्रवाह बळकट होते. एक काँग्रेसचा, भाऊसाहेब वर्तक हे त्यातील मोठे नाव. दुसरा समाजवाद्यांचा. आपली जुनी माणसे या दोन्ही प्रवाहांत होती. एकाच घरात वडील काँग्रेसचे आणि मुलगा सेवादलाच्या शाखेत जाणारा, असे चित्र आम्ही आमच्या बालपणी पाहिले आहे. १९८० च्या दशकात जनता पक्षाचे डॉमनिक घोन्सालविस वसईतून विधानसभेवर निवडून गेले. या घटनेचा उल्लेख ‘आपला माणूस निवडून आला’ एवढ्यापुरताच केला जातो. वास्तविक त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या काळीही मतदारसंघात ख्रिस्ती मतदार अल्पसंख्यच होते. म्हणजे हजारो हिंदू व इतरधर्मीय मतदारांनी एका ख्रिस्ती उमेदवाराला मते दिल्याविना तो विजय शक्य नव्हता. त्यांनी धर्म पाहिला असता, तर आपला माणूस घरीच बसला असता. हे आपण सोयीस्कररीत्या विसरतो.

१९९० मध्ये हितेंद्र ठाकूर काँग्रेसच्या तिकिटावर प्रथम आमदार झाले आणि १९९५ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखालील वसई विकास आघाडी व नंतरची बहुजन विकास आघाडी यांनी तालुक्याच्या राजकारणावर दीर्घकाळ पकड ठेवली. नेमक्या याच कालखंडाच्या आरंभी, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले. शेतजमिनींवर इमारती उभारण्याची दारे खुली झाली, नव्या वसाहतींना पाणी पुरविण्यासाठी टँकरवाल्यांनी बागायतीतील विहिरी उपसण्यास आरंभ केला आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या साहित्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे आम्हांला त्यांच्या आंदोलनातील एकच गोष्ट सांगावयाची आहे. विहीर ख्रिस्ती नसते आणि हिंदूही नसते. मोर्चात चालणारे ख्रिस्ती अधिक असले, तरी मागणी पाण्याची, जमिनीची व कायद्याच्या राज्याची होती. म्हणूनच तिला इतरांची साथ मिळाली.

परंतु त्या आंदोलनातून लगेच एखादी ‘मतपेढी’ तयार झाली काय? नाही. मोर्चाला हजारो माणसे येत आणि निवडणुकीत पुन्हा तोच निकाल लागे. अनेकांना हे कोडे वाटे, काहींना तर आपल्या लोकांचा दांभिकपणा वाटे. आमच्या मते त्यात कोडे काही नाही. ज्या शेतकऱ्याची बागायत टिकली होती तो आंदोलनात होता, आणि ज्याने जमीन विकली होती, किंवा ज्याचा मुलगा बांधकाम साहित्याचा पुरवठा करू लागला होता, तो दुसरीकडे होता. रस्ता, दाखला, रुग्णालयातील खाट, पोलीस ठाण्यातील अडचण अशा वेळी रात्री-अपरात्री धावून येणारा कार्यकर्ता ज्याचा असेल त्याच्याकडे माणूस कृतज्ञतेने झुकतो. ही कृतज्ञता खरी असते. तिला विकले गेलेले मत म्हणणे अन्यायाचे होईल. पैसे वाटून मते घेण्याचे प्रकार आपल्याकडे होतच नाहीत, असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

हे चित्र बदलले ते २००९ मध्ये. त्या वर्षी ३ जुलै रोजी चार नगरपरिषदा व भोवतालची पन्नासेक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन करण्यात आली. गावपट्ट्यात असंतोषाचा भडका उडाला. आपली ग्रामपंचायत जाणार, करांचा बोजा वाढणार, शेतजमिनीवर आरक्षणे पडणार, अशी भीती घराघरांत होती. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली. श्रमजीवी चळवळीतून पुढे आलेले विवेक पंडित शिवसेनेच्या पाठिंब्याने अपक्ष उभे राहिले आणि विजयी झाले. या विजयात पश्चिमेकडील गावांचा मोठा वाटा होता, हे सर्वमान्य आहे. ‘ख्रिस्ती समाज शिवसेनेबरोबर गेला’ असे त्या वेळी आश्चर्याने बोलले गेले. खरे म्हणजे समाज कोणत्याच पक्षाबरोबर गेला नव्हता. तो आपल्या ग्रामपंचायतीबरोबर गेला होता. आणि त्याच निवडणुकीत, त्याच तालुक्यात, नव्याने निर्माण झालेल्या नालासोपारा मतदारसंघातून बहुजन विकास आघाडीचे क्षितिज ठाकूर निवडून आले, हेही ध्यानात ठेवावे. वसईच्या कौलाला तालुक्याचा कौल म्हणता येत नव्हते, मग समाजाचा कौल कोठून म्हणणार?

पुढे मे २०११ मध्ये शासनाने २९ गावे महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, अंमलबजावणी स्थगित राहिली आणि वर्षांमागून वर्षे लोटली. अखेर २०२४ मध्ये शासनाने ही गावे महापालिकेतच ठेवण्याची अधिसूचना काढली. या प्रदीर्घ काळात गावांचा उत्साह ओसरला. २०१४ मध्ये हितेंद्र ठाकूर यांनी वसईची जागा परत मिळविली. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत तर बहुजन विकास आघाडीने ११५ पैकी १०६ जागा जिंकल्या. इतका एकतर्फी निकाल गावपट्ट्याच्या सहभागाविना लागत नसतो. सहा वर्षांपूर्वी ज्या घरांनी महापालिकेला विरोध म्हणून मत दिले होते, त्यांतील पुष्कळांनी आता महापालिका आहेच तर आपला नगरसेवक सत्तेतील असावा, असा व्यवहारी विचार केला. यास कोणी संधिसाधूपणा म्हणेल. आम्हांला तो नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या माणसाचा थकवा वाटतो.

महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. या काळात नागरिकांना तक्रार घेऊन जाण्यासाठी नगरसेवकच नव्हता. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. वसईत भारतीय जनता पक्षाच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी हितेंद्र ठाकूर यांचा ३,१५३ मतांनी पराभव केला. तिसऱ्या क्रमांकावरील काँग्रेसचे विजय पाटील यांना ६२ हजारांहून अधिक मते पडली. निकालानंतर आपल्याकडे एकमेकांवर दोषारोप सुरू झाले. ‘तुम्ही काँग्रेसला मते दिल्याने असे झाले’, ‘तुम्ही आघाडीला दिल्याने असे झाले’, ‘तुम्ही तर थेट कमळालाच दिले’. सासुरवाडीच्या जेवणावळीतही हे विषय निघाले आणि काही घरांत तर अबोला धरला गेला. आम्ही हे सारे ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ज्या समाजातील माणसे तीन उमेदवारांवरून एकमेकांशी भांडत आहेत, त्या समाजाची मते एकगठ्ठा असतात असे कोण म्हणतो? विजयी उमेदवार विवेक पंडित यांच्या कन्या. २००९ मध्ये वडिलांसाठी घरोघर फिरलेल्या कित्येकांना २०२४ मध्ये आडनाव ओळखीचे आणि चिन्ह अनोळखी वाटले. काहींनी आडनाव पाहिले, काहींनी चिन्ह.

मतांच्या गणिताबद्दल येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या निवडणूक पद्धतीत ज्याला इतरांपेक्षा एक मत अधिक मिळते तो निवडून येतो. निम्म्याहून अधिक मते मिळविण्याची अट नाही. तिरंगी लढतीत तीन-साडेतीन हजारांचा फरक असला म्हणजे कोणताही लहान समूह ‘आमच्यामुळे निकाल लागला’ असे म्हणू शकतो. कोळी म्हणू शकतात, उत्तर भारतीय म्हणू शकतात, ज्येष्ठ नागरिक म्हणू शकतात, मतदानाला न गेलेलेही म्हणू शकतात! निकाल फिरविण्याची शक्ती आपल्यापाशी आहे हा दावा म्हणून तितकासा खरा नाही. आणि तो धोक्याचाही आहे, कारण जो समूह विजयाचे श्रेय जाहीरपणे घेतो, त्याच्याच माथी पराभवाचे खापर फुटते. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. त्यानंतर शहर आणखी वाढले आहे, आणि संख्येच्या जोरावर मोल ठरवून घेण्याचे आपले दिवस मागे पडले आहेत.

आपल्या संख्येतही एक गळती आहे, तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. आखाती देशांत आणि अन्यत्र नोकरीला गेलेली आपली शेकडो मुले निवडणुकीच्या दिवशी येथे नसतात. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परदेशी राहणाऱ्या, पण भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या नागरिकांना नमुना ६-अ भरून आपल्या मूळ गावच्या यादीत मतदार म्हणून नोंद करता येऊ लागली. मतदानासाठी मात्र त्यांनी प्रत्यक्ष केंद्रावर येणे आवश्यक असते. ज्यांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांना हा अधिकार नाही. दुसरीकडे, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलींची नावे माहेरच्या यादीतच राहतात. चर्चच्या दप्तरात मात्र त्यांची नोंद नीट झालेली असते, ही गमतीची गोष्ट.

आपल्याच बाबतीत असे घडते असे नाही. शेजारच्या गोव्यातील कॅथलिक समाज संख्येने मोठा आणि राजकीयदृष्ट्या कितीतरी अधिक संघटित. १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण हवे म्हणणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि वेगळे अस्तित्व टिकवू पाहणारा युनायटेड गोअन्स पक्ष अशी विभागणी झाली, आणि कॅथलिक मतदार प्रामुख्याने दुसऱ्या बाजूस होते. तेथे एकगठ्ठा मतदान झाले असे म्हणता येईल, कारण प्रश्न अस्तित्वाचा होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. या यशात हजारो हिंदू गोमंतकीयांचा वाटा होता, अन्यथा ही संख्या गाठताच आली नसती. पुढे प्रश्न मिटला आणि गठ्ठाही सुटला. २०१२ मध्ये भारतीय जनता पक्षाने गोव्यात उभे केलेले सहाही कॅथलिक उमेदवार निवडून आले, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. अस्तित्वाचा प्रश्न असेल तेव्हा समाज एकत्र येतो आणि तो मिटला की गटार, रस्ता, नोकरी व नेत्याचा स्वभाव यांच्याकडे वळतो. वसईत २००९ ला जे घडले त्याचा हाच अर्थ आम्ही लावतो.

मग त्या कार्यकर्त्याच्या कागदाचे काय?

आपले मत गुप्त असते, पण आपल्या गावाचे मत गुप्त नसते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. मतमोजणी केंद्रनिहाय होते. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याचा तक्ता ‘नमुना २०’ म्हणून तयार होतो आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार असतात. शहरातील इमारतींत एवढ्या संख्येत सर्व प्रकारची माणसे मिसळलेली असतात. आपल्या गावपट्ट्यात मात्र एक केंद्र म्हणजे दोन-तीन आळ्या, आणि त्या आळ्यांत कोण राहते हे सर्वांना ठाऊक! म्हणजे व्यक्ती झाकलेली राहते आणि समूह उघडा पडतो.

मतपत्रिकांच्या काळात, निवडणूक आयोगाला आवश्यक वाटेल तेथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची तरतूद होती. मतदानयंत्रे आली आणि हे मिसळणे थांबले. यावर उपाय म्हणून निवडणूक आयोगाने २००८ मध्ये ‘टोटलायझर’ या यंत्राचा प्रस्ताव मांडला. अनेक मतदानयंत्रे त्याला जोडून एकत्रित बेरीज काढावयाची, म्हणजे कोणत्या केंद्राने काय दिले हे कोणालाच कळणार नाही, अशी ही योजना होती. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात तिची शिफारस केली. केंद्र सरकारने मात्र ती स्वीकारली नाही. कोणत्या भागात आपण कमी पडलो हे पक्षांना कळले तर ते तेथे अधिक काम करतील, असा युक्तिवाद करण्यात आला. त्या गृहस्थांचा आमच्या गटाराविषयीचा विचार याच्या अगदी उलट दिशेने चालला होता, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. लहान समाजाला या विषयात खरी आस्था असावयास हवी. आपल्या सभांतून अल्पसंख्याकांच्या इतर अनेक मागण्यांचे ठराव होतात. केंद्रनिहाय आकडे झाकले जावेत असा ठराव केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

त्या तक्त्यात दिसते ती केवळ बेरीज. ज्या केंद्रावर एका उमेदवाराला सहाशे व दुसऱ्याला तीनशे मते पडली, त्या गावाला आपण ‘पहिल्याचे गाव’ म्हणतो आणि तीनशे माणसे नाहीशी करतो. ती तीनशे माणसेही रविवारी त्याच बाकांवर बसतात.

आता आमच्याकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे येऊ. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात मतदान हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे सांगितले, आणि त्याच ठिकाणी ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही असेही सांगितले. १९८३ च्या धर्मसंहितेतील २८५ व्या कलमान्वये शासकीय सत्ता चालविण्याची पदे धर्मगुरूंना निषिद्ध आहेत आणि २८७ व्या कलमान्वये पक्षीय राजकारणात त्यांनी सक्रिय भाग घ्यावयाचा नाही. अधिकारी व्यक्तीला सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटल्यास काय तो अपवाद. देशाचा कायदाही तितकाच कडक आहे. धर्मस्थळांचा राजकीय कार्यासाठी वापर करण्यास १९८८ च्या कायद्याने मनाई केली आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावाने मते मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. १९९० च्या सांताक्रूझ येथील निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंग विरुद्ध सी. डी. कोमाचेन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन मतांनी, असा निर्णय दिला की उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनदेखील यात मोडते. ‘आपल्या ख्रिस्ती बांधवांनो, ख्रिस्ती म्हणून मला मत द्या’ असे उमेदवाराने म्हणणे म्हणजे निवडणूकच धोक्यात घालणे.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. अमुक केल्यास देवाचा कोप होईल किंवा धार्मिक निषेध ओढवेल असे मतदाराच्या मनात भरविणे, हा गैरवाजवी प्रभाव समजला जातो. ही तरतूद आम्ही सेमिनरीत असताना वाचली होती व जुन्या काळातील म्हणून सोडून दिली होती. तिचा अर्थ आम्हांला एका आजींनी शिकविला.

आमच्या पूर्वीच्या एका धर्मग्रामात निवडणुकीच्या आदल्या रविवारी आम्ही प्रवचनात कोणाचेही नाव न घेता असे काही बोललो की कोणाविषयी बोलत आहोत हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सर्वांना समजले. लोकांनी नंतर दाद दिली. आम्हीही मनोमन सुखावलो. मतदान झाल्यानंतरच्या रविवारी एक वृद्ध बाई सर्व माणसे जाईपर्यंत दाराशी थांबल्या. त्यांच्या मुलाच्या आजारपणात ज्या माणसाने रातोरात गाडी करून त्याला मुंबईला नेले होते, त्याच्या पक्षाला त्यांनी मत दिले होते. दबक्या आवाजात त्यांनी विचारले, ‘‘फादर, हे कुमसारात सांगावे लागेल का?’’

आम्ही त्यांना सांगितले की हे पाप नव्हे, हे कोणालाच सांगण्याची गरज नाही, आम्हांलाही नव्हती. त्यांचे समाधान झाले असावे. आमचे झाले नाही. त्यानंतर प्रवचनात आम्ही निवडणुकीबद्दल बोलतो ते मतदार यादीतील नाव तपासा, पैसे घेऊ नका, मतदान चुकवू नका, एवढेच. पाणी, जमीन, दुर्बलांवरील अन्याय यांविषयी वर्षभर बोलतो, निवडणूक असो वा नसो. काही जणांना हे मिळमिळीत वाटते. पालकीय परिषदेतील एका तरुणाने तर तोंडावर सांगितले, ‘‘फादर, दिब्रिटोंसारखे स्पष्ट बोला.’’ त्याला आम्ही एवढेच म्हणालो की फादर दिब्रिटो आंदोलनात उतरले ते विहिरीसाठी आणि झाडांसाठी. आणि त्यांची जी किंमत त्यांनी मोजली ती तुझ्याआमच्यापैकी किती जण मोजतील, हा वेगळा प्रश्न आहे.

त्या नम्र गृहस्थांची हकीगत अपुरी राहिली. पुढल्या निवडणुकीच्या सुमारास ते पुन्हा निवासस्थानी आले. मधल्या काळात त्यांनी पक्ष बदलला होता. खिशात घडी घातलेला कागद होता; केंद्रे तीच, आकडे तेच. या वेळी मात्र ते समाधानी दिसले. ‘‘फादर, तुमची माणसे मागच्या वेळीच आमच्या बाजूला होती,’’ असे म्हणून त्यांनी आमचे आभार मानले. आम्ही चहा मागविला. गटाराचे काम तोवर पूर्ण झाले होते. ते कोणी करवून घेतले, याविषयी गावात आजही दोन मते आहेत.